तेरा वर्षांतून एक उडी

करंजी घाट उतरून पाथर्डीकडे निघाले की तिसगाव लागते. महामार्गावरच्या कुठल्याही बाजारगावासारखेच इथेही आता लाकडी चौकटींची जागा ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्यांनी घेतली आहे. अशा खिडक्या करणाऱ्या दुकानात भिंतीला टेकवून ठेवलेला बारा फुटी सेक्शन घ्या. पोकळ, पातळ भिंतींचा, एका हाताने सहज उचलता येईल असा, वजनाला अडीच किलोच्या आसपास. त्यात अणू किती असतील? ५५ लिहून पुढे २४ शून्ये द्यायची, साधारण तितके.

इतक्या गर्दीतला एकच अणू निवडू आणि त्याच्यावर नजर ठेवू. तो स्वतःच्या जागी थरथरत असतो, पण जागा सोडत नाही. कधीतरी शेजारची जागा रिकामी होते आणि तो तिथे उडी मारतो. २७ अंश सेल्सिअस तापमानाला ही उडी बघायची असेल तर सरासरी तेरा वर्षे बसून राहावे लागेल. पहिलीतल्या पोराला नजर ठेवायला बसवले, तर उडी पडेपर्यंत ते कॉलेजात गेलेले असेल.

आता पाथर्डी तालुक्यातला मे महिना आणा. पारा ४० वर गेला. तापमान वाढले अवघे तेरा अंश, पण तेरा वर्षांची वाट सव्वा वर्षावर येते. तोच धातू ५०० अंशांपर्यंत तापवला तर प्रत्येक अणू सेकंदाला सुमारे तीस लाख उड्या मारतो.

वर्षांचा हिशेब सेकंदाच्या तीस लाखाव्या भागावर येतो, आणि एवढ्यात धातू वितळलेला नसतो. ॲल्युमिनियम वितळते ६६० अंशांना. ५०० अंशांना ते घनच असते, चिमट्यात धरून उचलता येते.

हे आकडे कुणी अणूशेजारी घड्याळ लावून काढलेले नाहीत. तापलेल्या धातूत अणू किती वेगाने सरकतात हे प्रयोगशाळेत मोजता येते. तापमानानुसार तो वेग कसा बदलतो याचे सूत्र स्वीडनच्या स्वान्ते आर्हेनियस यांनी १८८९ मध्ये रासायनिक क्रियांसाठी मांडले, तेच इथेही लागू पडते. मोजलेल्या वेगावरून मागे यायचे आणि खोलीच्या तापमानाचा आकडा काढायचा. तेराऐवजी कुणाचे उत्तर दहा येईल, कुणाचे वीस. पण पाच-पंधरा वर्षांच्या फरकाने या गोष्टीत काही बिघडत नाही, कारण ५०० अंशांचा वेग २७ अंशांच्या वेगापेक्षा एकावर पंधरा शून्ये इतक्या पटींनी जास्त आहे.

उडीला रिकामी जागा लागते, आणि खरी मेख तिथेच आहे. थंड ॲल्युमिनियममध्ये दहा हजार कोटी अणूंमागे एखादी जागा रिकामी सापडते. ५०० अंशांना दहा-बारा हजारांमागे एक. म्हणजे रिकाम्या जागाच सत्तर-ऐंशी लाख पटींनी वाढतात आणि त्याखेरीज प्रत्येक अणूची थरथरही वाढते. दोन्हींचा गुणाकार होतो.

एवढ्या उड्या मारून अणू जातो कुठे? फारसा कुठेच नाही. ५०० अंशांना एका मिनिटात त्याच्या सगळ्या उड्या सरळ रेषेत मांडल्या तर अंतर पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त भरते. प्रत्यक्षात तो मूळ जागेपासून चारेक मायक्रॉन सरकलेला असतो, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्याएवढा. मढीच्या यात्रेत कानिफनाथांच्या गडाच्या पायऱ्यांवर गर्दीत सापडलेल्या माणसाचे असेच होते: दिवसभर पाय हलत असतात, पण संध्याकाळी पाहावे तर मागच्याच पायरीच्या आसपास.

भट्टीजवळ मात्र या सगळ्या धावपळीचा मागमूस लागत नाही. लोखंड तापले की लाल होते, मग नारिंगी. लोहाराला रंगच तापमान सांगतो. ॲल्युमिनियम ५०० अंशांनाही चांदीसारखेच पांढरे दिसते, उजेडात तर थंडगार वाटते. म्हणून या कामात नव्या माणसाला पहिली ताकीद मिळते ती रंगावर विश्वास न ठेवण्याची. छोट्या वर्कशॉपमध्ये पत्रा मऊ करायचा असेल तर त्यावर अंगाच्या साबणाची रेघ ओढतात आणि खालून ज्योत फिरवतात. रेघ तपकिरी होऊन काळी पडली की पुरे. आणखी तापवले तर पत्रा आधी काहीच सांगत नाही आणि मग एकदम खाली गळतो.

तो बारा फुटी सेक्शन तयार होतो एक्स्ट्रूजन प्रेसवर. ॲल्युमिनियमचा गोल दंडगोल, म्हणजे बिलेट, ४५० अंशांच्या आसपास तापवायचा, पोलादी नळकांड्यात घालायचा आणि मागून दट्ट्याने रेटायचा. पुढे जाड पोलादाची चकती असते, तिच्यात सेक्शनच्या आकाराचे छिद्र. ही चकती म्हणजे डाय. सात इंची बिलेटचा काटछेद आणि खिडकीच्या सेक्शनचा काटछेद यांचे प्रमाण सहज शंभरास एक असते. अर्धा मीटर बिलेट आत जाते आणि पन्नास मीटरच्या जवळपास सेक्शन बाहेर येतो. शेवटचा तुकडा तेवढा काढून टाकावा लागतो, कारण बिलेटच्या पाठीवरची घाण त्यात गोळा झालेली असते.

दट्ट्यामागे अठराशे टनांचा जोर असेल तर नळकांड्यातल्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साडेसहा टनांहून जास्त भार येतो. जगातल्या सर्वांत खोल समुद्रतळावर, मारियाना गर्तेत, याच्या सहाव्या भागाएवढा दाब असतो. इतक्या दाबाखाली घन धातू डायमधून दाट पाकासारखा बाहेर पडतो. खिडकीच्या सेक्शनसाठी वापरतात तो मिश्रधातू म्हणजे ६०६३, ॲल्युमिनियममध्ये अर्धा-पाऊण टक्का मॅग्नेशियम आणि जवळपास तितकेच सिलिकॉन. तो मिनिटाला चाळीस मीटरने बाहेर येतो असे धरले, तर बारा फूट बाहेर यायला साडेपाच सेकंद लागतात.

मला या प्रकरणातली सर्वांत अचाट गोष्ट वाटते ती वेगळीच. सेक्शन पोकळ असतो. पोकळी ठेवायची तर छिद्राच्या मधोमध एक पोलादी गाभा हवा आणि तो अधांतरी तर लटकणार नाही. म्हणून डायमध्येच पूल असतात आणि गाभा त्यांच्या आधाराने उभा राहतो. समोरून येणारा धातू या पुलांवर आपटून दोन, तीन, चार धारांत फाटतो. पूल ओलांडल्यावर एका लहानशा कोठडीत त्या धारा पुन्हा एकत्र येतात आणि गाभ्याभोवती एकमेकींना चिकटून एकसंध नळी होते. वेल्डिंग नाही, वितळणे नाही, काड्या नाहीत. हवेत ॲल्युमिनियमवर क्षणात काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर बसतो आणि तोच थर दोन तुकड्यांना जुळू देत नाही. डायच्या आत हवाच नसते. ताज्या, उघड्या धातूच्या धारा प्रचंड दाबाखाली एकमेकींना भिडतात आणि अणूंना कोण कुठल्या धारेतले होते याचा पत्ता राहत नाही.

जोड डोळ्यांना दिसत नाही, पण असतो. सेक्शनचा कापलेला तोंडाचा भाग घासून गुळगुळीत केला आणि कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात बुडवला, की काही मिनिटांत भिंतीत आडव्या बारीक रेघा उमटतात. चार रेघा दिसल्या तर धातू चार धारांत फाटला होता. तिसगावात काय, मुंबईच्या उंच इमारतींतही पोकळ सेक्शनच्या बहुतेक खिडक्यांत या रेघा असतात, पूर्ण लांबीभर.

पुणे मेट्रोचे डबे ही याच तंत्राची मोठी आवृत्ती. ६ मार्च २०२२ रोजी पुण्यात मेट्रो सुरू झाली. टिटागढ कंपनीने तिच्यासाठी दिलेल्या डब्यांचे सांगाडे ॲल्युमिनियमचे आहेत. अशा डब्याच्या भिंती, छत आणि तळ लांबच लांब पोकळ पट्ट्यांचे असतात, आत त्रिकोणी कप्पे असलेल्या. त्या पट्ट्या शेजारी शेजारी ठेवून जोडतात. अशा रुंद पट्टीला अठराशे टनांचा प्रेस पुरत नाही. पाच हजार टनांच्या पुढचे प्रेस लागतात. नागपूरच्या अंबाझरी आयुधनिर्माणीत संरक्षणाच्या कामासाठी ॲल्युमिनियम मिश्रधातूंचे एक्स्ट्रूजन आणि फोर्जिंग, म्हणजे साच्यात दाबून घडवणे, होते. २०२१ पासून ती यंत्र इंडिया लिमिटेडचा भाग आहे.

पण गरम धातू इतका मुकाट्याने का वाकतो? त्यासाठी आत आणखी खोल उतरावे लागेल. स्फटिकात अणूंच्या रांगा शिस्तीत असतात, पण मध्येच एखादा थर अर्ध्यावर संपतो. तो जिथे संपतो त्या रेघेला डिसलोकेशन म्हणतात. टेलर, ओरोवान आणि पोलानी या तीन शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे १९३४ मध्ये तिची कल्पना मांडली. धातू वाकतो तो या रेघा सरकल्यामुळे. सगळा थर एकदम ओढावा लागत नाही, रेघ एक एक पाऊल पुढे जाते.

नीट मऊ केलेल्या ॲल्युमिनियमच्या एका घन सेंटिमीटरमध्ये, म्हणजे करंगळीच्या पेराएवढ्या तुकड्यात, या रेघांची एकूण लांबी दहा किलोमीटरच्या आसपास असते. तोच तुकडा थंडपणी ठोकून, दाबून पार चेपला तर लांबी एक लाख किलोमीटरपर्यंत जाते. पृथ्वीला अडीच वेढे बसतील एवढी रेघ त्या पेरात मावते. इतक्या रेघा झाल्या की त्या एकमेकींत अडकतात, पुढे सरकत नाहीत आणि धातू कडक होतो. ॲल्युमिनियमची तार हाताने पाच-सहा वेळा वाकवली की ती ताठ होते आणि मग तुटते. शेतकऱ्याने कुंपणाला ती कधीतरी पिळलेलीच असते. आत काय झाले ते असे.

तापलेल्या धातूत गाठी बसायला वेळच मिळत नाही. सेकंदाला तीस लाख उड्या मारणारे अणू अडकलेल्या रेघेला वरच्या किंवा खालच्या थरावर चढवून सोडवतात. विरुद्ध जातीच्या दोन रेघा भेटल्या तर दोघी नाहीशा होतात. प्रेस नव्या रेघा तयार करत जातो आणि उष्णता त्या पुसत जाते. थोड्या वेळात दोन्हींचा मेळ बसतो. मग धातू कितीही रेटला तरी त्याचा विरोध वाढत नाही. ॲल्युमिनियममध्ये ही पुसण्याची क्रिया तांब्यापेक्षा किंवा स्टेनलेस स्टीलपेक्षा फारच सहज होते. ते धातू कडक होत जातात आणि मग एका टप्प्यावर जुने स्फटिककण मोडून नवे उगवतात. ॲल्युमिनियम बहुतेकदा त्या थराला जातच नाही, चालता चालताच आवरून घेते. जुन्या कणांच्या पोटात काही मायक्रॉनचे उपकण तयार होतात आणि काम चालू राहते.

कितीपर्यंत चालू राहते? कॅनडातले ह्यू मॅक्वीन आणि नॉर्वेतले त्यांचे सहकारी यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ४०० अंशांना शुद्ध ॲल्युमिनियमचे नमुने पिळत नेले. विकृतीचे, म्हणजे आकार किती बदलला याचे, माप ६० पर्यंत पोचले, तरी नमुना तुटला नाही. आता हे ६० माप लांबवण्याच्या भाषेत मांडले तर डोके गरगरते, कारण ते लॉगॅरिदमच्या मोजपट्टीवरचे आहे. ओढून ६० पर्यंत जायचे तर एक सेंटिमीटर तुकडा सुमारे बारा कोटी प्रकाशवर्षे लांब करावा लागेल. देवयानी दीर्घिका आपल्यापासून पंचवीस लाख प्रकाशवर्षांवर आहे. भाषणात हा आकडा सांगितला तर टाळ्या नक्की पडतील, पण त्या फसवून मिळवलेल्या असतील. पिळताना धातू असा लांबत नाही. त्याचे थर एकमेकांवरून घसरतात आणि आतली एखादी रेघ सुमारे शंभर पट ताणली जाते, बस. नमुन्याची लांबी त्रिज्येच्या दुप्पट असेल तर त्याला तेहतीस वेढे द्यावे लागतात. माझ्या मते तेहतीस वेढे हाच आकडा जास्त थरारक आहे. एखादी ठेंगणी धातूची कांडी एक टोक पकडून तेहतीस वेळा पिळली आणि ती सुटली नाही!

आतापर्यंत तापमान आणि वेळ अशा दोन गोष्टी वेगवेगळ्या असल्यासारखे लिहिले. प्रेसवर काम करणाऱ्याला त्या वेगळ्या ठेवता येत नाहीत. १९४४ मध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत, अमेरिकेतल्या वॉटरटाउन शस्त्रागारात क्लॅरेन्स झेनर आणि जॉन हॉलोमन पोलादावर काम करत होते. त्यांनी दाखवले की धातू किती वेगाने दाबला आणि किती तापलेला असताना दाबला, या दोन्हींचा मिळून एकच आकडा करता येतो. तो आकडा सारखा असेल तर धातूचा विरोधही सारखा. त्यांच्या सूत्रात ॲल्युमिनियमसाठी रूढ असलेले मूल्य घालून हिशेब केला की ४५० अंश आणि ३०० अंश यांच्या वेगांत नऊशे पटींचा फरक निघतो. ४५० अंशांना एका सेकंदात केलेले काम ३०० अंशांना तेवढ्याच जोराने करायचे असेल तर पंधरा मिनिटे लागतील. दीडशे अंश उष्णता म्हणजे चौदा मिनिटे एकोणसाठ सेकंदांची खरेदी. भट्टीचा गॅस जाळून कारखानदार विकत घेतो तो हा वेळ.

मग आणखी तापवून आणखी वेळ का विकत घेऊ नये? कारण धातू दाबताना स्वतःच तापतो. दट्ट्याने केलेले जवळपास सगळे काम उष्णतेत उतरते आणि डायमधून निघताना सेक्शन बिलेटपेक्षा चाळीस-पन्नास अंश, कधी त्याहूनही जास्त तापलेला असतो. ६०६३ ला ते चालते. तो सहाशे अंशांच्या वर जाऊनच वितळायला लागतो, म्हणून मोकळीक भरपूर. विमानांच्या ७०७५ या मिश्रधातूची गोष्ट वेगळी. त्यात साडेपाच टक्क्यांच्या आसपास जस्त, शिवाय मॅग्नेशियम आणि तांबे. त्याच्या कणांच्या सीमांवरचे काही भाग ४७७ अंशांनाच वितळू लागतात. शिवाय तो गरमपणीही हट्टी, म्हणून दाबताना तापतोही जास्त. वेग वाढवला की सीमा सुटतात आणि सेक्शनच्या कडांना माशाच्या खवल्यांसारखे आडवे तडे जातात. त्यामुळे ७०७५ मिनिटाला जेमतेम एक-दोन मीटरने काढावा लागतो. खिडकीचे बारा फूट साडेपाच सेकंदांत आणि विमानाचे बारा फूट दोन ते चार मिनिटांत. किमतीतला फरक काही अंशी या घड्याळातच आहे.

असा हट्टी मिश्रधातू डायमधून न काढता साच्यात दाबायचा, म्हणजे फोर्ज करायचा, तर जोराचे आकडे वेगळ्याच पातळीवर जातात. महायुद्धात पाडलेल्या जर्मन विमानांचे सांगाडे तपासताना दोस्तांना मोठमोठे एकसंध फोर्ज केलेले भाग सापडले. त्यांच्याकडे असे भाग अनेक तुकडे रिव्हेटने जोडून करत. युद्धानंतर अमेरिकेने १९५० च्या दशकात दहा महाकाय प्रेस बांधले. त्यांतले दोन ५० हजार टनांचे, एक क्लीव्हलँडला आणि दुसरा मॅसॅच्युसेट्समधल्या ग्राफ्टनला, आणि १९५५ पासून ते काम करत आले आहेत. सोव्हिएत संघाने ७५ हजार टनांचे दोन उभारले. चीनने २०१३ मध्ये दयांगला ८० हजार टनांचा चालू केला.

५० हजार टन ऐकले की डोंगर चेपला जाईल असे वाटते. हिशेब करून बघा. साच्यात कोंडलेला विमानाचा मिश्रधातू गरमपणीही चौरस सेंटिमीटरमागे साडेतीन टनांपर्यंत विरोध करू शकतो. त्या हिशेबाने ५० हजार टनांत काम होते जेमतेम दीड चौरस मीटरचे. बहुमजली इमारतीएवढे यंत्र, निम्मे जमिनीखाली गाडलेले, आणि त्याच्या कवेत येते ते एका दारापेक्षाही लहान क्षेत्र.

पातळ करण्याकडे वळले तर आकडे उलट्या दिशेने पळतात. महाराष्ट्रात हिंदाल्कोचा पत्र्याचा कारखाना तळोज्याला आहे, फॉइलचा नागपूरजवळ मौद्याला. रोलिंगच्या धंद्यात सुरुवात होते सुमारे ६०० मिलिमीटर जाडीच्या लादीपासून. ती ५०० अंशांच्या आसपास तापवून रुळांखालून मागेपुढे घालतात, काही मिलिमीटरवर आणतात आणि उरलेले काम थंडपणी. औषधाच्या किंवा चॉकलेटच्या वेष्टनातली सर्वांत पातळ फॉइल सात मायक्रॉनच्या आसपास. ६०० मिलिमीटरची सात मायक्रॉन झाली म्हणजे जाडी ८५ हजार पटींनी घटली. एक मीटर लादीची ८५ किलोमीटर फॉइल. तिसगावाहून अहिल्यानगरला जाऊन परत यायला साधारण तेवढेच लागते. सात मायक्रॉनमध्ये अणूंचे थर अजूनही पंचवीस हजारांहून जास्त असतात, त्यामुळे संपायला बराच वाव आहे.

खर्चाचे एक गणित इथेच उरकतो. राधानगरी तालुक्यातल्या दुर्गमानवाडीचे बॉक्साइट बेळगावच्या कारखान्यात जाते आणि तिथे त्याची ॲल्युमिना होते. चार-पाच टन बॉक्साइटपासून दोन टन ॲल्युमिना आणि तिच्यापासून एक टन धातू. ॲल्युमिनापासून धातू वेगळा करायला टनामागे सुमारे १४ हजार युनिट वीज लागते. महिन्याला शंभर युनिट जाळणारे घर तेवढ्यात साडेअकरा वर्षे चालेल. आणि तोच टन आकार देण्यासाठी ४८० अंशांपर्यंत तापवायला किती? सव्वाशे युनिट. एक टक्काही नाही. वितळवायचाच म्हटला तरी तीनशे युनिटांत काम होते, म्हणून भंगारवाला ॲल्युमिनियमचे जुने पातेले कधी नाकारत नाही. जगात २०२३ मध्ये सुमारे सात कोटी टन नवे ॲल्युमिनियम तयार झाले. ते एका जागी ठोकळा करून रचले तर तीनशे मीटर लांब, तीनशे रुंद आणि तितकाच उंच घन होईल.

आता एक अडचण. खोलीच्या तापमानाला अणू तेरा वर्षांतून एकदा हलतो हे खरे असेल, तर थंड ॲल्युमिनियममध्ये आठ-पंधरा दिवसांत काहीच घडता कामा नये. १९०६ मध्ये बर्लिनजवळ आल्फ्रेड विल्म तांबे आणि मॅग्नेशियम घातलेल्या ॲल्युमिनियमवर काम करत होते. पोलाद जसे तापवून पाण्यात बुडवले की कडक होते, तसे हे होईल अशी त्यांची अपेक्षा. पाण्यातून काढलेला नमुना मऊच निघाला. सुटीनंतर तोच पुन्हा तपासला तर तो बराच कडक झालेला. कुणी हात लावला नव्हता, तापवला नव्हता. नुसता पडून होता. त्यातूनच ड्युरल्युमिन आले आणि धातूच्या विमानांचे युग सुरू झाले. कारण मात्र विल्म यांना कळले नव्हते. तांब्याचे अणू एकत्र येऊन अतिसूक्ष्म चकत्या करतात हे फ्रान्सच्या गिनिए आणि इंग्लंडच्या प्रेस्टन यांनी १९३८ मध्ये क्ष-किरणांनी दाखवले. पण तेरा वर्षांतून एक उडी मारणारे अणू दोन दिवसांत एकत्र आले कसे?

उत्तर रिकाम्या जागांत आहे. ५०० अंशांना दहा-बारा हजारांमागे एक जागा रिकामी होती. धातू सावकाश थंड केला तर त्या जागा पृष्ठभागाकडे, कणांच्या सीमांकडे सरकून नाहीशा होतात. पाण्यात बुडवला तर त्यांना निघून जायला वेळच मिळत नाही. पुष्कळशा आतच कोंडल्या जातात. धातू हाताला थंड, पण त्याच्या पोटातल्या रिकाम्या जागांची संख्या भट्टीतल्या तापमानाची. सगळ्या टिकल्या असे धरले तर त्या नेहमीपेक्षा सत्तर-ऐंशी लाख पट. मग तेरा वर्षांना त्याने भागा. उत्तर येते पन्नास-पंचावन्न सेकंद. विल्म सुटीवर असताना त्यांच्या नमुन्यातला अणू मिनिटागणिक उड्या मारत होता.

खिडकीच्या सेक्शनलाही हेच लागू. डायमधून ५०० अंशांच्या वर तापलेला सेक्शन बाहेर पडतो तेव्हा त्यावर पंख्यांचा झोत असतो, जाड असेल तर पाण्याचा फवारा. मग ताणून सरळ करतात, कापतात आणि १८० अंशांच्या ओव्हनमध्ये काही तास ठेवतात. मॅग्नेशियम आणि सिलिकॉन तिथे एकत्र येतात आणि बळ दुपटीच्या आसपास जाते. झोत कमी पडला तर पुढे ओव्हनमध्ये कितीही तास ठेवा, ताकद येत नाही. विमानाच्या काही रिव्हेटना तर याच्या उलट वागवतात. क्वेंचिंग, म्हणजे तापवून एकदम थंड करणे, झाले की त्या थेट फ्रीझरमध्ये जातात, नाहीतर ठोकण्याआधीच कडक होतील. बाहेर काढल्या की घड्याळ सुरू. कारागिराने वेळेत ठोकायच्या, उरलेल्या परत भट्टीत.

हेच घड्याळ दुसऱ्या टोकाला वैमानिकालाही गाठते. कॉन्कॉर्ड विमान १९७६ ते २००३ प्रवासी घेऊन ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडाले. हवेच्या दाबाने त्याचे नाक १२७ अंशांपर्यंत तापे आणि त्यापुढे जाऊ द्यायचे नाही असा दंडक होता. शुद्ध ॲल्युमिनियमच्या हिशेबाने त्या तापमानाला अणू पाच मिनिटांच्या आत एक उडी मारतो. चार तासांच्या अटलांटिक सफरीत पन्नासेक उड्या, आणि अशा हजारो सफरी. ओव्हनमध्ये मुद्दाम घडवलेली बारीक रचना यात हळूहळू जाड होते, भार सोसणारा पत्रा किंचित लांबत जातो. म्हणून कॉन्कॉर्डसाठी आरआर ५८ हा मिश्रधातू निवडला, जो मुळात विमानाच्या इंजिनांच्या गरम भागांसाठी तयार झाला होता. तोही ध्वनीच्या दुपटीपुढे टिकला नसता. तिप्पट वेगाने उडणारे अमेरिकेचे एसआर ७१ हे हेरविमान बहुतांशी टायटॅनियमचे करावे लागले.